वडील डायलिसिसवर, मला डायबेटीस: किडनीचा आजार रक्तातूनच येतो का?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणाऱ्या ताई 34 वर्षांच्या आहेत. मुलाच्या वेळी गरोदरपणात साखर वाढली, ती बाळंतपणानंतरही उतरलीच नाही. मुलगा आता सहा वर्षांचा आहे. वडील 61 वर्षांचे, 22 वर्षांपासून डायबेटीस, दीड वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिस. आत्याही किडनी निकामी होऊनच गेली. धाकटा भाऊ 31 वर्षांचा, त्याला साखर नाही. तो वडिलांना किडनी द्यायला तयार आहे आणि वडील नको म्हणताहेत. ताईंचं एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) 8.1, क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो कचरा) 0.9. 'किडनी नॉर्मल आहे' असं त्यांना सांगितलंय. कुणीतरी थुंकीच्या नमुन्यावरून जनुकं तपासणारं पंधरा हजारांचं पॅकेज सुचवलंय. त्या विचारतात, हे आमच्या रक्तातच आहे का, ती टेस्ट करू का, आणि माझ्या मुलाचं काय?

ताई, आधी सरळ उत्तर देतो. तुमच्या घरात दोन माणसांच्या किडन्या गेल्या आहेत, त्यामुळे तुमची जोखीम इतर डायबेटीसवाल्यांपेक्षा जास्त आहे, हे खरं. पण तुमचीही जाणार असं त्यातून ठरत नाही. पंधरा हजारांची टेस्ट आत्ता करू नका. त्याऐवजी या आठवड्यात सकाळच्या पहिल्या लघवीची अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो ही तपासणी करा, लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती जातंय ते तिच्यात कळतं. काहीशे रुपयांत होते, आणि तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली.

आता सविस्तर.

कोल्हापूर-सांगली भागात मी 26 वर्षं किडनीचे रुग्ण बघतोय. सुरुवातीच्या काळात दोन शेतकरी आले होते, एकाच गावचे, शेजारी-शेजारी ऊस लावणारे. एकाला वीस वर्षांची साखर, एचबीएवनसी कधी दहाच्या खाली नाही, औषधं मनाला येईल तेव्हा. त्याच्या लघवीत अल्ब्युमिन शून्य. दुसरा काटेकोर, वहीत तारखा लिहून साखर नोंदवणारा, भात मोजून खाणारा. त्याला डायबेटीस होऊन तेरा वर्षं झाली होती आणि लघवीला फेस, पायाला सूज, क्रिएटिनिन साडेतीन. तो वही माझ्या टेबलावर उघडून ठेवायचा आणि विचारायचा, 'डॉक्टर, माझं नेमकं कुठं चुकलं?' त्याची आई आणि एक भाऊ किडनीनेच गेले होते, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं. त्या दिवसापासून पहिल्याच भेटीत घरातली सगळी माणसं विचारून कागदावर झाड काढतो.

त्याच्यासारख्या माणसांनीच वैद्यकशास्त्राला हा प्रश्न पाडला. किडनीचं नुकसान फक्त साखरेने होत असतं, तर ज्याची साखर जास्त काळ जास्त राहिली त्या प्रत्येकाची किडनी गेली असती. तसं होत नाही. डायबेटीस असलेल्यांपैकी साधारण 30 ते 40 टक्के लोकांनाच किडनीचा आजार होतो. टाइप 1 डायबेटीसच्या (ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही) रुग्णांवर डेन्मार्कमध्ये आणि बोस्टनमध्ये 1980 च्या दशकात झालेल्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट दिसली. डायबेटीस झाल्यावर पंधरा-वीस वर्षांच्या सुमारास किडनीचा आजार सुरू होण्याचं प्रमाण शिखरावर जातं आणि नंतर चक्क कमी होतं. वर्षं वाढत जातील तसा धोका वाढतच जायला हवा होता. तो उतरतो याचा अर्थ ज्यांच्या किडन्या नाजूक होत्या त्या आधीच बिघडून गेल्या, आणि उरलेल्यांच्या अंगात काहीतरी राखणारं होतं.

मग भावंडं तपासली गेली. अमेरिकेतल्या मिनेसोटात 1989 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास छोटा होता, पण त्यातले आकडे मी अजून विद्यार्थ्यांना सांगतो. घरातल्या एका डायबेटीसवाल्याची किडनी बिघडलेली असेल, तर त्याच्या डायबेटीस असलेल्या भावंडांपैकी 83 टक्क्यांमध्ये किडनीचा आजार सापडला. पहिल्याची किडनी धड असेल तर भावंडांत तो 17 टक्के. अ‍ॅरिझोनातल्या पिमा आदिवासींमध्ये टाइप 2, म्हणजे नेहमी दिसणारा डायबेटीस प्रचंड आहे. तिथे आई-वडील दोघांच्याही लघवीत प्रथिनं जात नसतील तर डायबेटीस झालेल्या मुलांपैकी 14 टक्क्यांच्या लघवीत ती सापडली. एका पालकाच्या जात असतील तर 23 टक्के, दोघांच्याही जात असतील तर 46 टक्के. चेन्नईत 1999 च्या सुमारास असंच काम झालं आणि आपल्याकडच्या टाइप 2 डायबेटीसमध्येही किडनीचा आजार भावंडांत गोळा झालेला दिसला. म्हणजे तुमचं 'आमच्या रक्तात आहे का' हे विचारणं अगदी रास्त आहे.

फक्त एक लक्षात ठेवा. डायबेटीस होण्याची प्रवृत्ती ही एक गोष्ट आणि डायबेटीस झाल्यावर किडनी बिघडण्याची प्रवृत्ती ही दुसरी. तुम्हाला वडिलांकडून पहिली मिळाली हे दिसतंच आहे. दुसरी मिळाली की नाही, हे अजून कुणीच बघितलेलं नाही. कित्येक घरांत मी बघतो, चार भावंडांपैकी तिघांना साखर आणि त्यातल्या एकाचीच किडनी गेलेली.

आता ती जनुकं कोणती. 1990 च्या दशकात संशोधक अंदाजाने एकेक जनुक धरून बघायचे. रक्तदाब सांभाळणाऱ्या एसीई या एन्झाइमच्या जनुकावर तर शेकडो लेख निघाले. एका ठिकाणी संबंध सापडायचा, दुसरीकडे सापडायचा नाही. मग तुर्कस्तानातल्या घराण्यांचा अभ्यास करून अठराव्या गुणसूत्रावरचा एक भाग समोर आला, तिथलं कार्नोसिनेज नावाचं जनुक चर्चेत राहिलं. जपानमधून आणखी एक नाव आलं. मी तेव्हा तरुण होतो, दर वर्षी वाटायचं की आता किल्ली सापडली. ती तशी सापडली नाही, कारण या कुलपाला एक किल्ली नाहीच. लहान लहान परिणामांची पुष्कळ जनुकं मिळून हे घडतं, आणि अशी जनुकं हजारो माणसं तपासल्याशिवाय दिसत नाहीत.

एवढी माणसं एकत्र आली ती 2019 मध्ये. युरोपीय वंशाचे, टाइप 1 डायबेटीस असलेले जवळजवळ वीस हजार लोक तपासून संशोधकांनी गुणसूत्रांवरच्या 16 नव्या जागा दाखवल्या. त्यातली एक मला फार महत्त्वाची वाटते. ती समजायला किडनीची गाळणी डोळ्यासमोर आणावी लागेल.

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं जवळजवळ सगळं परत घेतात. गाळणीचे तीन थर आहेत. आत केशवाहिनीचा बारीक छिद्रांचा थर, बाहेर पायांसारखी बोटं एकमेकांत गुंतवून बसलेल्या पेशींचा थर, आणि या दोघांच्या मध्ये एक पातळ पडदा. हा मधला पडदा मुख्यतः चौथ्या प्रकारच्या कोलॅजेनच्या जाळीचा असतो. डायबेटीसमध्ये बायोप्सी केली की सगळ्यात आधी जे बदल दिसतात त्यातला एक म्हणजे हा पडदा जाड होणं. जाड झालेला पडदा चांगला गाळत असेल असं वाटतं, पण होतं उलट. त्याची वीण बिघडते, बाहेरच्या पेशींची पकड सुटते आणि अल्ब्युमिन निसटायला लागतं. लघवीला फेस येतो तो पुढे यामुळेच.

2019 च्या त्या अभ्यासात सगळ्यात ठळक जी जागा दिसली, ती नेमकी या जाळीचा एक धागा विणणाऱ्या जनुकात होती. त्याचं नाव सीओएल4ए3. या जनुकातला एका अक्षराचा एक बदल ज्यांच्यात होता त्यांना किडनीच्या आजाराची शक्यता सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होती आणि ज्यांच्या बायोप्सी उपलब्ध होत्या त्यांच्यात पडदाही पातळ दिसला. आणि हे संरक्षण साखर जास्त असलेल्यांमध्येच प्रकर्षाने दिसलं. साखर ताब्यात असलेल्यांत त्या जनुकाने फारसा फरक पडत नव्हता. म्हणजे जनुकाला आपला प्रभाव दाखवायला साखरेची साथ लागते. माझ्या वहीवाल्या शेतकऱ्याला तेव्हा हे सांगता आलं असतं तर त्याच्या मनावरचा दोषाचा भार जरा हलका झाला असता. त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याची गाळणी मुळात कमी सोसणारी होती, आणि एवढी काळजी घेतली नसती तर तो माझ्याकडे तेराव्या वर्षी न येता आठव्याच वर्षी आला असता.

याच जनुकात मोठा बिघाड असेल तर अल्पोर्ट सिंड्रोम नावाचा वेगळाच आनुवंशिक आजार होतो. लघवीतून सूक्ष्म रक्त, कानाने कमी ऐकू येणं आणि तरुणपणी किडनी जाणं. त्याकडे पुन्हा येतो.

तुम्ही पाठवलेल्या पॅकेजच्या पत्रकात एपीओएल1 हे नाव ठळक छापलं आहे, म्हणून त्याबद्दल. किडनीच्या जनुकांमधलं हे सगळ्यात गाजलेलं नाव, 2010 साली सापडलं. आफ्रिकेत माशीच्या चाव्यातून पसरणारा झोपेचा आजार आहे. त्याच्या जंतूंपासून वाचवणारे या जनुकाचे दोन प्रकार पश्चिम आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या टिकले. पण आई आणि बाप दोघांकडूनही असा प्रकार आला, तर किडनीच्या काही आजारांचा धोका कित्येक पटीने वाढतो. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकनांपैकी साधारण 13 टक्के लोकांत अशी जोडी आहे. त्यांच्यातही हे जनुक प्रामुख्याने डायबेटीसशी संबंध नसलेल्या किडनीच्या आजारांना कारण होतं. डायबेटीसमध्ये आधीच सुरू झालेली घसरण ते वेगवान करतं. भारतीय लोकांत हे प्रकार जवळजवळ आढळत नाहीत. तुमच्या अहवालात 'एपीओएल1: धोका नाही' असं हिरव्या अक्षरात येईल आणि तुम्हाला हायसं वाटेल. त्या हायसं वाटण्याला काही आधार नसेल, आणि मला हेच खटकतं.

बाकीच्या जनुकांची बेरीज करून 'तुमची जोखीम इतके टक्के' असा आकडा ते देतील. ती बेरीज ज्या अभ्यासांवर उभी आहे त्यात बहुसंख्य माणसं युरोपीय वंशाची आहेत, आपल्यासारखी फार थोडी. शिवाय आकडा काहीही आला तरी मी तुम्हाला सांगणार आहे तेच करायचं आहे. जास्त आला तर घाबरून कराल, कमी आला तर ढिलाई कराल. दुसरी शक्यता मला जास्त धोक्याची वाटते. तुमच्या हातात आत्ता जो सगळ्यात खात्रीचा आनुवंशिक पुरावा आहे, तो म्हणजे वडील आणि आत्या. तो फुकट आहे, आणि 'तुम्ही लवकर आणि नेमाने तपासण्या करत राहा' एवढं तो स्पष्ट सांगतो.

जनुकांची तपासणी कधीच करू नये असं मात्र मी म्हणत नाही. एका बाईंची गोष्ट सांगतो, ओळख पटेल असं काही न सांगता. वय एक्केचाळीस, अंगाने अगदी किरकोळ. एका ठिकाणी दोन वर्षं 'डायबेटिक किडनी' म्हणून उपचार चालू होते. मी बोलायला लागलो तर त्या प्रत्येक वाक्याला माझ्या ओठांकडे बघायच्या. कानात मशीन होतं, ते पदराखाली झाकलेलं. विचारलं तेव्हा कळलं की आईला साखर होती आणि तीही बहिरी होती, मावशीचंही तसंच. डोळ्यांचा पडदा तपासून घेतला तर तो स्वच्छ, डायबेटीसची एकही खूण नाही. तेव्हा मला शंका आली, आणि जनुक तपासणीत ती खरी निघाली. मायटोकाँड्रिया या पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या भागाच्या जनुकसाखळीत 3243 व्या जागी एका अक्षराचा बदल होता. त्यातून डायबेटीस, बहिरेपणा आणि किडनीचा आजार एकत्र येतात. हा वारसा फक्त आईकडून मिळतो. निदान बदललं तसे उपचारही बदलले, कारण अशा रुग्णांना मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी शक्यतो देत नाहीत. शिवाय त्यांच्या मुलांचे कान आणि साखर आम्ही वेळेवर बघायला लागलो.

तुमच्याकडे आजार वडिलांच्या बाजूने आहे, त्यामुळे हा विशिष्ट बदल वडिलांकडून तुम्हाला येऊच शकत नाही. पण दुसरी एक शक्यता मी तुमच्या बाबतीत तपासून बघेन. एचएनएफ1बी नावाच्या जनुकात बिघाड असेल तर तरुण वयात डायबेटीस होतो आणि किडनीत जन्मापासूनच रचनेचा दोष किंवा पाण्याच्या गाठी असतात, रक्तातलं मॅग्नेशियम कमी राहतं. तो आई किंवा बाप कुणाहीकडून येऊ शकतो. तुम्हाला सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी साखर सुरू झाली आणि वडील व आत्या दोघांच्या किडन्या गेल्या, एवढ्यावरून मी असं निदान करणार नाही. आपल्याकडे टाइप 2 डायबेटीस या वयात सर्रास होतो आणि तीच शक्यता फार मोठी आहे. पण पोटाची एक सोनोग्राफी आणि मॅग्नेशियमची तपासणी यांत हा प्रश्न बहुतेक निकालात निघतो. त्यात काही वावगं दिसलं, तर मग जेनेटिक काउन्सेलरशी बोलून नेमक्या त्या जनुकाची तपासणी करायची. यातल्या निम्म्याच्या आसपास रुग्णांत त्या जनुकाचा अख्खा तुकडाच गायब असतो, आणि थुंकीच्या स्वस्त पॅकेजमध्ये असला दोष सहसा दिसत नाही.

किडनीच्या जुनाट आजाराच्या तीन हजारांहून अधिक रुग्णांची जनुकं अमेरिकेत सविस्तर वाचली गेली, 2019 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यात सुमारे 9 टक्के लोकांत एकाच जनुकातल्या दोषाने होणारा आजार सापडला. आपल्या ओपीडीतही 'साखर आहे म्हणजे किडनी साखरेनेच गेली' या शिक्क्याखाली असे काही रुग्ण नक्की असतात. डोळ्याचा पडदा स्वच्छ असताना किडनी बिघडणं, डायबेटीस होऊन चार-पाच वर्षंच झालेली असताना बिघडणं, लघवीत रक्त, बहिरेपणा, सोनोग्राफीत गाठी, किंवा घरात साखर नसलेल्या माणसाचीही किडनी जाणं. यातलं काही असेल तर तो शिक्का पुन्हा तपासायला हवा.

घराण्यातून येतं ते सगळं जनुकांतूनच येतं असंही नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने 1993 पासून आसपासच्या गावांतल्या माता आणि बाळांचा पाठपुरावा केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनची 3.5 किलोची. आपली बाळं हाडामांसाने लहान, पण चरबी त्या मानाने टिकवून ठेवणारी. याचा किडनीशी संबंध असा की किडनीतल्या गाळण्या गर्भात छत्तिसाव्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, नंतर एकही नवी तयार होत नाही. एका किडनीत सरासरी नऊ-दहा लाख असतात, पण माणसामाणसांत फरक फार मोठा, आणि कमी वजनाच्या बाळात त्या कमी असण्याची शक्यता जास्त. कमी गाळण्यांवर तेवढंच काम पडलं की प्रत्येकीवरचा दाब वाढतो. वर डायबेटीस आला की तो दाब आणखी वाढतो. पिढ्यान्‌पिढ्या अर्धपोटी राहिलेल्या बायकांच्या पोटी जन्मलेल्या मुलांना हा वारसा मिळाला, आणि आपण त्याला 'रक्तातलं आहे' म्हणून गप्प बसतो, याचं मला वाईट वाटतं. तुमचं स्वतःचं जन्माचं वजन आईला आठवत असेल तर विचारून ठेवा.

रक्तदाबही घरातून येतो. आणि स्वयंपाकघर तर येतंच. लोणचं, पापड, खारवलेली मिरची, भाकरीबरोबर ठेचा. भावंडं एका ताटात वाढतात, म्हणून भावंडांच्या अभ्यासातला सगळाच भाग जनुकांच्या खात्यावर टाकता येत नाही.

आता तुमचे रिपोर्ट. क्रिएटिनिन 0.9 म्हणजे तुमच्या वयाच्या बाईत जीएफआर (किडन्या मिनिटाला किती मिलिलिटर गाळतात तो आकडा) साधारण 86, ते ठीक आहे. पण क्रिएटिनिनवर विसंबू नका. तेच 1.1 झालं तरी बऱ्याच लॅबच्या कागदावर 'नॉर्मल' येईल, आणि जीएफआर मात्र 68 पर्यंत उतरलेला असेल. एक पंचमांश काम गेलं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून कागदावर जीएफआर लिहून घ्या, दर वर्षीचा एका वहीत उतरवा. आणि लघवीतलं अल्ब्युमिन त्याहूनही आधी बोलतं. रेशो 30 च्या खाली चांगला, 30 ते 300 म्हणजे गाळणी पाझरायला लागली, 300 च्या वर म्हणजे बरंच नुकसान. एकदा जास्त आला म्हणून घाबरायचं नाही. ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाळी, आदल्या दिवशीची जबर मेहनत यानेही तो वाढतो. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोनदा जास्त आला तर खरा धरायचा. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत 'अल्ब्युमिन निल' लिहून आलेलं असतं ते पुरेसं नाही. त्या पट्टीला सुरुवातीची गळती कळत नाही.

साखर कमी ठेवण्याचा उपयोग किती? टाइप 1 च्या 1441 रुग्णांवरचा मोठा प्रयोग 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर ठेवलेल्यांमध्ये लघवीतलं थोडं अल्ब्युमिन सुरू होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं, जास्त अल्ब्युमिनचं 54 टक्क्यांनी. प्रयोग संपल्यावर दोन्ही गटांची साखर सारखीच होत गेली, तरी पहिल्या गटाच्या किडन्या पुढे कित्येक वर्षं सुरक्षित राहिल्या. सुरुवातीची वर्षं शरीर लक्षात ठेवतं. तुमची सहा-सात वर्षं झाली आहेत, 8.1 वरून सातच्या आसपास यायची हीच वेळ आहे.

लघवीत अल्ब्युमिन सापडलं तर औषधं आहेत, आणि माझ्या उमेदवारीच्या काळापेक्षा खूप चांगली आहेत. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या जातीची औषधं गाळणीतला दाब उतरवतात. डॅपाग्लिफ्लोझिन या गोळीच्या 2020 च्या अभ्यासात किडनीचं काम निम्म्यावर येणं, डायलिसिस लागणं, किडनी वा हृदयाच्या आजाराने मृत्यू, या सगळ्यांची मिळून जोखीम 39 टक्क्यांनी कमी झाली. त्याच वर्षी भारतात त्याचं पेटंट संपलं आणि गोळी एकदम स्वस्त झाली. तालुक्याच्या गावातला माणूसही आता ती घेऊ शकतो, याचा मला मनापासून आनंद आहे. कोणाच्या अंगात कोणतं जनुक आहे हे न बघताच हे फायदे मोजलेले आहेत.

तीन सूचना या औषधांबद्दल, कारण इथेच गडबड होते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं वाढतं. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ चालते, घाबरून गोळी बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा. दुसरं, दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर आधी सांगा. टेल्मिसार्टनच्या जातीची औषधं पोटातल्या बाळाच्या किडनीला अपाय करतात. तिसरं, हरितालिकेचा निर्जळी उपास किंवा जुलाब-उलट्यांचे दिवस असतील तेव्हा डॅपाग्लिफ्लोझिन थांबवायला लागतं, डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवा. आणि अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी घरात ठेवू नका. रक्तदाब 130/80 च्या आत. तंबाखू किंवा मशेरी घरात कुणाला असेल तर तिचंही बघा.

मुलाची जनुकं आत्ता तपासू नका. त्याला डायबेटीसच नाही, आणि तो होऊ नये किंवा उशिरा व्हावा म्हणून जे करायचं ते कुठल्याही मुलासाठी करायचं तेच आहे: रोज धावण्या-खेळण्याची सवय, वजनावर लक्ष, बेकरीचं आणि बाटलीतलं गोड कमी. वाढत्या वयात वजन जास्त व्हायला लागलं तर दहाव्या वर्षाच्या सुमारास एकदा साखर बघा.

आता भावाचं. त्याची माया मला कळते आणि वडिलांचं नको म्हणणंही कळतं. वैद्यकीयदृष्ट्या मी वडिलांच्या बाजूला झुकतो. भाऊ 31 चा आहे, आज साखर नाही, पण वडील आणि बहीण दोघांना डायबेटीस आहे आणि आत्याही किडनीनेच गेली. एक किडनी देऊन पुढची चाळीस वर्षं त्याला काढायची आहेत आणि त्यातल्या कुठल्याही वर्षी साखर येऊ शकते. नाहीच म्हणायचं असं नाही, पण ग्लुकोज देऊन केलेली साखरेची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन, सोनोग्राफी हे सगळं झाल्याशिवाय हो म्हणू नये. आईला डायबेटीस नसेल आणि रक्तगट जुळत असेल तर आधी तिची तपासणी होईल. आपल्याकडे किडनी देणाऱ्यांत आया आणि बायकाच जास्त असतात, त्यामुळे मी तिला नेहमी एकटीला बसवून विचारतो की तुमची स्वतःची इच्छा आहे का. आणि दरम्यान वडिलांचं नाव विभागीय अवयव प्रत्यारोपण समितीच्या यादीत नोंदवून टाका. रांग मोठी आहे, नाव जितकं लवकर जाईल तितकं बरं.

पण या सगळ्याआधी वडिलांची जुनी फाईल शोधा. मला त्यात चार गोष्टी हव्या आहेत: डोळ्याच्या पडद्याचा रिपोर्ट, किडनी बिघडायला लागली त्या काळातली सोनोग्राफी आणि तिच्यात लिहिलेला किडन्यांचा आकार, लघवीत कधी रक्त सापडलं होतं का, आणि साखर समजल्यानंतर किती वर्षांनी अल्ब्युमिन जायला लागलं. वडिलांची किडनी खरंच डायबेटीसने गेली का, हे त्या कागदांवरून बरंचसं कळेल. तुमची जोखीम आणि भावाने किडनी द्यावी की नाही, दोन्ही त्यावर अवलंबून आहे. फाईल सापडली नाही तर निदान डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वडिलांचा पडदा या महिन्यात तपासून घ्या, डायलिसिस नसेल त्या दिवशी. आणि मघाशी सांगितलेल्या अल्पोर्टची शंका राहू नये म्हणून, आत्याला शेवटी कमी ऐकू यायचं का, हे आत्याच्या मुलांना फोन करून विचारा.